आधी चारा, मग शेळी: सोलापूरच्या कोरडवाहू शेतीला जोडधंदा जोडताना

जोडधंद्याची सुरुवात आपल्याकडे बहुतेक वेळा उलट्या टोकानं होते. आधी अनुदानाची बातमी कानावर येते, मग कर्ज काढून शेड उभं राहतं, मग जनावरं येतात आणि मार्च उजाडला की चाऱ्यासाठी पळापळ सुरू होते. मे महिन्यात कडब्याचा भाव चढलेला असतो, विहिरीनं तळ गाठलेला असतो आणि अजून मालाचा पैसा हातात आलेला नसतो. मग जनावरं पडेल भावात निघतात आणि गावात बोललं जातं की शेळीपालन काही खरं नाही. शेळीपालनात खोट नसते, कामांचा क्रम चुकलेला असतो.

जिल्ह्यात पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. उजनी धरणाच्या पाण्यानं ओलिताखाली आलेल्या माळशिरस, पंढरपूर, माढ्याच्या पट्ट्यात ऊस उभा आहे, तर सांगोला, मंगळवेढा, अक्कलकोट, करमाळ्याच्या कित्येक गावांत रब्बीची ज्वारी, तूर, हरभरा आणि जमलं तर डाळिंब. इथल्या तीन-चार एकरवाल्याचं वर्ष एका पिकावर निघत नाही, हे त्याला कुणी सांगायला नको. त्याला हवी असते ती सोय, ज्यातून सोसायटीचा हप्ता, पोरांची फी आणि दवाखाना यांसाठी वर्षातून तीन-चार वेळा रोख पैसा हाताशी येईल.

आधी घरचा हिशेब मांडा

वहीचं एक पान घ्या आणि तीन प्रश्नांची खरी उत्तरं लिहा. पहिला: मे महिन्यात तुमच्याकडे पाणी किती असतं? जूननंतरचं सोडा, मे महिन्यातलं सांगा. दुसरा: रानातून दरवर्षी फुकट काय निघतं? ज्वारीचा कडबा, तुरीचं आणि हरभऱ्याचं भुसकट, शेंगांचा पाला, बांधावरची बाभूळ, सुबाभूळ, उसाचं वाढं (शेंडे). तिसरा: घरातलं कोणतं माणूस रोज सकाळ-संध्याकाळ दीड-दोन तास या कामाला देऊ शकतं? तिथं एका माणसाचं नाव लिहा. ‘आम्ही सगळे बघू’ असं ठरलं की कुणीच बघत नाही.

या तीन उत्तरांवरून धंदा ठरतो. बारमाही पाणी आणि हिरव्या चाऱ्याला अर्धा एकर मोकळा असेल, तर दुधाचा विचार करावा. आपल्या भागात पंढरपुरी म्हैस उगाच टिकलेली नाही. लांब तलवारीसारखी शिंगं, आटोपशीर अंग, निकृष्ट चाऱ्यावर तग धरणारी आणि दुधाला फॅट चांगली. पण दुभत्या जनावराला पिणं-धुणं धरून रोज शंभर लिटरपर्यंत पाणी लागतं. टँकरच्या गावात दुधाचा धंदा सुरू करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

गावरान पद्धतीच्या कोंबड्या पंचवीस-पन्नास ठेवायला भांडवल कमी लागतं. वनराजा, गिरिराज, कावेरी अशा सुधारित जाती परसात चालतात. अंड्यांचा पैसा आठवड्याला येतो आणि तो बहुधा घरातल्या बाईच्या हातात राहतो, ही त्यातली मोठी जमेची बाजू. मात्र राणीखेत रोगाची लस चुकली की सगळा कळप दोन-चार दिवसांत झोपतो. रेशीम उद्योगाला तुतीसाठी खात्रीचं पाणी लागतं, उसाच्या मानानं बरंच कमी, पण नियमित. शिवाय शेजारच्या रानात औषध फवारलं जात असेल तर तुतीचा पाला अळीला घालता येत नाही. मधमाशांच्या पेट्यांनाही फवारणीचीच भीती.

ज्यांच्याकडे पाणीही नाही आणि जनावर सांभाळायला माणूसही नाही, त्यांनी घरातल्या ज्वारीकडे पाहावं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगा चटणी पुण्या-मुंबईत मागून घेतात. बचत गटातल्या चार-पाच जणींनी मिळून भाकरी थापायची, मंद आचेवर कडक करायची, पूर्ण गार झाल्यावरच पॅक करायची. गरम भाकरी पिशवीत घातली की आत वाफ धरते आणि माल मऊ पडतो. विक्रीसाठी अन्न परवान्याची नोंदणी आणि पाकिटावर तारीख, वजन, पत्ता हवा. त्यावर वेगळं सविस्तर लिहिण्यासारखं आहे.

इथून पुढं शेळीबद्दल. कोरडवाहू सोलापूरला सगळ्यात जास्त मानवणारा जोडधंदा तोच आहे आणि सगळ्यात जास्त हयगयीनं केला जातो तोही तोच.

शेळी येण्याआधी सहा महिने

उस्मानाबादी ही आपल्याच मातीतली जात. धाराशिव, सोलापूर, लातूर, बीड हा तिचा मुलूख. उन्हाला दबत नाही, जुळी देण्याचं प्रमाण चांगलं आणि मटणाला मागणी. सुरुवातीला बाहेरच्या राज्यांतल्या उंचपुऱ्या, महागड्या जातींच्या मागं लागू नका. त्यांचा फोटो छान येतो, पण इथला मे महिना त्यांना सोसेलच याची खात्री नसते.

सुरुवात पाच शेळ्यांनी करा. पाचच का, ते चाऱ्याच्या आकड्यांतून दिसेल. तीस किलोच्या शेळीला दिवसाला साधारण तीन किलो हिरवा चारा, पाऊण किलो वाळला चारा आणि दोनशे ग्रॅम खुराक लागतो. पाच शेळ्यांना म्हणजे रोज पंधरा किलो हिरवा आणि पावणेचार किलो वाळला. वर्षाला वाळला चाराच जवळपास चौदा क्विंटल होतो. करडं वेगळी. तुमच्या दोन एकर ज्वारी-तुरीतून एवढं निघतं का ते पाहा. निघत नसेल तर शेळ्या तीन घ्या.

म्हणून पावसाळ्याच्या तोंडाला पहिलं काम बांधावर. शेवरी, सुबाभूळ, हादगा, शेवगा यांची लागवड करा. शेळी मुळात झाडपाला खाणारी आहे, मान वर करून ओरबाडायला तिला आवडतं. सुबाभूळ मात्र एकूण चाऱ्याच्या एक तृतीयांशाच्या वर देऊ नका. त्यातल्या मायमोसीन या घटकानं केस गळतात आणि गाभण शेळीला त्रास होतो. ठिबकवर दोन-तीन गुंठे लसूणघास आणि दोन गुंठे दशरथ घास किंवा फुले जयवंतसारखं संकरित नेपियर लावलं, तर उन्हाळ्यात आधार होतो.

कडबा नुसता पेंडी सोडून पुढ्यात टाकला तर निम्मा पायाखाली जातो. कुट्टी करून गव्हाणीत घाला. तुरीचं भुसकट शेळ्या आवडीनं खातात. ते रानात पेटवून देणं किंवा पावसात भिजू देणं थांबवलं, तरी चाऱ्याचा मोठा खर्च वाचतो. उसाच्या पट्ट्यात वाढं मुबलक मिळतं, पण त्यात ऑक्झलेट जास्त असतं आणि ते अंगातलं कॅल्शियम बांधून टाकतं. नुसत्या वाढ्यावर शेळ्या ठेवू नका. देत असाल तर सोबत खनिज मिश्रण हवंच. पाण्याचा ताण पडलेली कोवळी ज्वारी तर शेळीला किंवा गुराला चारूच नका. त्यातल्या विषानं जनावर तासाभरात जातं.

खुराक घरीच करता येतो. शंभर किलोसाठी पन्नास किलो मका किंवा ज्वारीचा भरडा, पंचवीस किलो शेंगदाणा पेंड, बावीस किलो तुरीची चुनी किंवा गव्हाचा कोंडा, दोन किलो खनिज मिश्रण आणि एक किलो मीठ. खुराक वाढवायचा तर आठवडाभरात हळूहळू वाढवा. एकदम पसाभर धान्य घातलं की पोट फुगतं.

शेड

यावर फार पैसे घालवू नका. मोठ्या शेळीला दहा ते बारा चौरस फूट बंदिस्त जागा आणि त्याच्या दुप्पट मोकळं आवार पुरतं. शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, मध्ये दहा फूट उंची, बाजूला सहा-सात फूट. उन्हाळ्यात पारा ४४ अंशांवर जातो, म्हणून पत्रा असेल तर वर पाचट किंवा तुराट्या टाका. जमीन मुरमाची आणि उताराची ठेवा. फरशी नको, तिच्यावर मूत साचतं आणि खुरं सडतात. पंधरा दिवसांतून एकदा चुना भुरभुरा. रोजगार हमीतून शेळ्यांच्या शेडला मदत मिळते, ग्रामपंचायतीत चौकशी करा.

शेळी निवडताना

सांगोल्याचा किंवा मोहोळचा आठवडी बाजार नवख्या माणसाला भुरळ घालतो. माझा सल्ला असा की बाजारात आधी दोन-तीनदा नुसतं फिरा, भाव ऐका, जनावरं पाहा आणि खरेदी मात्र गावोगावच्या शेळीवाल्यांच्या दारात करा. दारात शेळीची आई दिसते, मागच्या वेताची करडं दिसतात, कळपात कुणी खोकतंय का ते कळतं. बाजारात आलेल्या जनावराबद्दल यातलं काहीच कळत नाही.

शेळी समोर आली की आधी लांबून चालताना पाहा. लंगडते का, मागं पडते का. मग जवळ घ्या. खालचा ओठ ओढून दात बघा. सगळे दुधाचे बारीक दात असतील तर वर्षाच्या आतलं जनावर. पुढचे दोन दात मोठे झाले असतील तर दोन दाती, वर्ष-दीड वर्षाची. चार दाती असेल तर दोन वर्षांच्या आसपास. घ्यायची ती दोन दाती किंवा चार दाती, शक्यतो एक वेत झालेली. त्यानंतर अंगठ्यानं डोळ्याची खालची पापणी खाली ओढा. आतली कातडी लालसर गुलाबी हवी. पांढुरकी दिसली तर पोटात जंत आहेत आणि अंगात रक्त नाही. शेपटीखाली हागवणीचे डाग आहेत का बघा. शेवटी कास. दोन्ही सड सारखे, मऊ, आत गाठ नको. एका सडानं दूध देणारी शेळी जुळी पोसू शकत नाही. एवढी तपासणी दहा मिनिटांत होते. विकणारा घाई करत असेल तर पुढच्या दाराला जा.

आणलेल्या शेळ्या घरच्या जनावरांत लगेच मिसळू नका, तीन आठवडे वेगळ्या बांधा. कानात बारा अंकी बिल्ला आहे का ते पाहा, नसेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यातून मारून घ्या. विमा, योजना, बाजारातली विक्री, सगळ्याला तो लागतो.

पाच शेळ्यांसाठी बोकड पोसणं परवडत नाही. एक बोकड वीस-पंचवीस शेळ्यांना पुरतो. गावातल्या तिघा-चौघांनी मिळून जातिवंत उस्मानाबादी बोकड घ्यावा आणि दोन वर्षांनी बदलावा, नाहीतर बापाचाच लेकीशी संकर होतो आणि करडं खुरटी निपजतात. सांगोला तालुक्यात महूदला पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचं प्रक्षेत्र आहे, तिथं चौकशी करता येते.

गाभण ते करडू

शेळी दर अठरा ते एकवीस दिवसांनी माजावर येते आणि माज दिवस-दीड दिवसच टिकतो. शेपूट हलवणं, सारखं ओरडणं, चारा कमी खाणं ही खूण. पाच महिन्यांनी, म्हणजे साधारण दीडशे दिवसांनी व्यायते. पाट, म्हणजे अजून न व्यायलेली तरुण शेळी, किमान बावीस किलोची झाल्याशिवाय बोकड दाखवू नका. लवकर गाभण राहिली की तीही खुंटते आणि करडूही.

चांगल्या सांभाळात दोन वर्षांत तीन वेतं मिळतात. जून-जुलैत, नव्या पाल्यावर अंग भरलेलं असताना गाभण राहिलेली शेळी नोव्हेंबर-डिसेंबरात व्यायते, तेव्हा चारा असतो आणि करडं जोमानं वाढतात. पुढचं वेत पावसाळ्यात येतं आणि त्यातच मरतूक जास्त होते. ओल आणि गारठा करडाला सोसत नाही. त्या वेताआधी शेडचा एक कोपरा कोरडा, वारा न लागणारा करून ठेवा, खाली भुसकट अंथरा.

व्यायल्यावरचा पहिला तास सगळ्यात मोलाचा. करडाचं नाक-तोंड स्वच्छ कापडानं पुसा आणि शेळीला त्याला चाटू द्या. नाळ पोटापासून दोन-तीन बोटं सोडून दोऱ्यानं बांधा, नव्या ब्लेडनं कापा, टिंचर आयोडीन लावा. कासेवरून ओला फडका फिरवा, दोन्ही सडांची पहिली धार खाली सोडून द्या, म्हणजे सड मोकळा झाल्याचं कळतं. मग अर्ध्या तासाच्या आत करडाच्या तोंडात सड द्या. काही ठिकाणी वार (करडाभोवतीचं गर्भाचं आवरण) पडेपर्यंत चीक पाजत नाहीत. ही पद्धत आजच सोडा. रोगाशी लढायची ताकद करडाला चिकातूनच मिळते आणि ती शोषून घ्यायची आतड्याची क्षमता तासागणिक कमी होत जाते. दोन किलोच्या करडाच्या पोटात पहिल्या दिवसात दोनशे मिली चीक तीन-चार वेळांत गेला पाहिजे. जुळ्यातलं अशक्त करडू मागं रेटलं जातं, त्याला हातानं धरून पाजा. वार आपोआप पडते, ओढायची नाही. बारा तासांत पडली नाही तर डॉक्टरला बोलवा.

रोग येण्याआधी

पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यात आंत्रविषाराची लस द्या. पहिल्या पावसानंतरच्या लुसलुशीत गवतावर शेळ्या तुटून पडतात, आतड्यातले जंतू विष तयार करतात आणि कळपातलं सगळ्यात गुबगुबीत करडू सकाळी मेलेलं सापडतं. लक्षण दिसेपर्यंत वेळ गेलेली असते, म्हणून लस आधीच. पीपीआरची (शेळ्यांच्या प्लेगची) लस तीन-चार महिन्यांच्या वयानंतर एकदा, ती साधारण तीन वर्षं संरक्षण देते. लाळ्या खुरकूत आणि घटसर्पाच्या लसींचं वेळापत्रक गावच्या दवाखान्यातून लिहून घ्या. जंतनाशक पावसाळ्याआधी आणि नंतर, वजनाच्या हिशेबानं. शेळी नुकती गाभण असेल तर औषध देण्याआधी डॉक्टरला तसं सांगा, अल्बेंडाझोलसारखी काही औषधं त्या काळात चालत नाहीत. अडचणीला १९६२ हा टोल फ्री क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा.

पैशाचं गणित

खालचे भाव समजुतीसाठी धरलेत, तुम्ही आपल्या बाजारातले घाला. पाच शेळ्या, दोन वर्षांत तीन वेतं, म्हणजे पंधरा वेतं. वेताला सरासरी दीड करडू धरलं तर बावीस. चार दगावली, तीन पाटी घरी ठेवल्या, विकायला पंधरा उरली. वर्षाला साडेसात. नऊ-दहा महिन्यांचं वीस किलोचं जनावर, जिवंत वजनाला किलोला ३५० रुपये धरले तर ७,००० रुपयांना एक. वर्षाचे साडेबावन्न हजार. खुराक शेळ्यांचा अकरा हजार, करडांचा सात हजार, औषध-लस-विमा चार हजार. बावीस हजार वजा जाता तीस हजार हातात.

आता घरचा चारा नाही असं समजा. वाळला चारा दहा रुपये किलोनं विकत घेतला तर तेरा हजार सातशे. हिरवा तीन रुपयांनी घेतला तर सोळा हजार चारशे. बेरीज तीस हजार. म्हणजे त्याच शेळ्या, तोच सांभाळ आणि वर्षाअखेरीस हातात शून्य. वर घरच्यांची मेहनत फुकट. म्हणून पुन्हा सांगतो, नफा शेडमध्ये नसतो, बांधावर असतो.

आणखी एक गोष्ट मनाशी पक्की करा. शेळी आणल्यापासून पहिलं जनावर विकेपर्यंत पंधरा-सोळा महिने जातात. तेवढ्या काळाचा खुराक आणि औषध यांचे पैसे आधीच बाजूला काढा. मधल्या अडचणीत गाभण शेळी विकावी लागली की धंदा तिथंच संपतो.

विक्री

तोंडी अंदाजानं जनावर देऊ नका. लटकवायचा वजनकाटा फार महाग नसतो, तो घ्या आणि वजन करून किलोचा भाव ठरवा. व्यापारी आधी कुरकुरतो, मग मानतो. आषाढात, आखाडाच्या जेवणावळींमुळे मागणी चढते आणि श्रावण लागला की बसते. श्रावणात विकायची पाळी येईल असं नियोजन करू नका. बकरी ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, सध्या ती मे महिन्याच्या आसपास येते. त्यासाठी वर्षाच्या वरचा, शिंग, कान, पाय कुठंही खोट नसलेला बोकड लागतो. मार्च-एप्रिलमध्ये जन्मलेले दोन देखणे बोकड पुढच्या ईदेपर्यंत राखून ठेवा, त्यांना खच्ची मात्र करण्याआधी गिऱ्हाईक काय मागतं ते विचारा. लेंडीखत डाळिंबाच्या बागेला घाला किंवा बागवाल्याला विका, त्याची नोंद हिशेबात धरा.

कर्ज आणि योजना

पशुपालनासाठीही किसान क्रेडिट कार्ड मिळतं. दोन लाखांपर्यंतच्या रकमेवर वेळेत परतफेड केली तर व्याज प्रत्यक्षात चार टक्के पडतं. सावकाराकडं जाण्याआधी बँकेत हे विचारा. राज्याच्या नावीन्यपूर्ण योजनेत दहा शेळ्या आणि एक बोकड असा गट मिळतो. सर्वसाधारण लाभार्थ्याला ५० टक्के, अनुसूचित जाती-जमातीला ७५ टक्के अनुदान. अर्ज पशुसंवर्धन विभागाच्या महाबीएमएस या संकेतस्थळावर ऑनलाइन. राष्ट्रीय पशुधन अभियानात शंभर शेळ्या आणि पाच बोकडांच्या गटाला दहा लाखांपर्यंत अनुदान आहे, पण पाच शेळ्या दोन वर्षं सांभाळल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये. शंभर शेळ्यांना रोज तीनशे किलो हिरवा चारा लागतो. अर्ज जरूर करा, पण अनुदान येणारच असं धरून कर्ज काढू नका.

विमा उतरवला असेल आणि जनावर दगावलं, तर बिल्ला कानातून काढून फेकू नका. लगेच विमा कंपनीला आणि डॉक्टरला कळवा, शवविच्छेदनाचा दाखला घ्या, बिल्ल्यासह फोटो काढा आणि मगच पुरा. दाव्याला हे सगळं लागतं. खड्डा विहिरीपासून आणि पाण्याच्या वाटेपासून लांब घ्या, वर चुना टाका. सहावी शेळी घ्यायची की नाही हे दुसऱ्या वर्षाच्या मे महिन्यात ठरवा, तेव्हा गंजीत किती कडबा शिल्लक आहे ते मोजून.